जावेशी बोलणं बंद आहे, मग "धैर्याने" देवाजवळ कसं जायचं?

शाहूपुरीची_सून

सगळ्यांना सलाम. मी कोल्हापूरची, माहेर-सासर दोन्ही ख्रिस्तीच, संडे स्कूलपासनं सगळं झालंय आणि तरी हे विचारायला लागतंय म्हणून हसू नका. परवा कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, बायबलातलं इब्री ४:१६ घेतलं होतं, कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ, ते. सगळे आमेन म्हणाले, मीपण म्हटलं. पण घराच्या वाटणीवरनं जावेशी माझं बोलणं बंद आहे, एकाच जिन्यावरनं ये-जा करतो आणि एकमेकींकडं बघत नाही, प्रार्थनेला डोळे मिटले की पहिलं तिचंच तोंड दिसतं. मागच्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, ट्रे माझ्यापर्यंत आला, त्यातले ते छोटे ग्लास किणकिणत होते, आणि मी न घेताच शेजारच्या मावशींकडं सरकवला. त्या काही बोलल्या नाहीत पण बघितलं त्यांनी.

त्यात आमच्या आत्याबाई म्हणतात देव काय तुझा शेजारी आहे का, उज्जानं कराराच्या कोशाला, देवाच्या त्या पवित्र पेटीला, नुसता हात लावला तर जागच्या जागी मेला.

मग माझ्यासारखीनं धैर्यानं जायचं म्हणजे आगाऊपणाच की. का आधी घरातलं सगळं निस्तरायचं आणि मग जायचं?

जुना_बाक

ताई, सलाम. त्याच वचनाचा पुढचा भाग वाचा, कशासाठी जायचं ते तिथंच दिलंय, दया मिळावी आणि ऐनवेळी मदत व्हावी म्हणून. आता दया कुणाला लागते? ज्याचं सगळं व्यवस्थित चाललंय त्याला काय करायची दया.

आणि हे ज्यांना लिहिलंय ना त्यांना जुन्या करारातलं लेवीय १६ चांगलं माहीत होतं. आत परमपवित्रस्थानात, म्हणजे कोश असायचा त्या सगळ्यात आतल्या जागेत, जायचं एकट्या महायाजकानं, म्हणजे मुख्य पुजाऱ्यानं, तेही वर्षातनं एकाच दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला. अंघोळ करून साधी तागाची वस्त्रं घालायची, आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा, आणि आत शिरताना धूप एवढा की त्याच्या धुरानं दयासन, म्हणजे कोशाचं झाकण, झाकलं जावं, नाहीतर मरशील असं स्पष्ट लिहिलंय. तो अध्याय सुरूच होतो महायाजक अहरोनाची दोन पोरं देवासमोर जाऊन मेली तिथनं. म्हणजे तुमच्या आत्याबाईंची भीती हवेतली नाही, शास्त्रातलीच आहे.

पण इब्रीकरांस पत्र लिहिणारा हे सगळं माहीत असून म्हणतो की जाऊ या. का, तर आधीच्या दोन वचनांत बघा, आपल्याला मोठा महायाजक आहे, येशू, तो आपल्यासारखाच सगळ्या बाबतीत पारखला गेलाय, फक्त पाप नाही. धैर्य त्याच्या जोरावर आहे, आपला आठवडा कसा गेला त्याच्यावर नाही. मत्तय २७:५१ मध्ये येशू मेला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला तो वरनं खालपर्यंत, खालनं कुणी फाडलेला नाही.

तांबडा_पांढरा

एक नंबर लिहिलंय काका. महायाजकाच्या पायाला दोरी बांधायचे ते पण सांगा की, आत मेला तर ओढून काढायला. आमच्या कन्व्हेन्शनला ऐकलंय.

जुना_बाक

भावा, दोरी शास्त्रात कुठंच नाही. लेवीय वाच, निर्गम वाच, झग्याला सोन्याच्या घंटा आहेत निर्गम २८ मध्ये, दोरी नाही. ती गोष्ट फार नंतरच्या, मध्ययुगातल्या यहुदी लिखाणातनं आलीय. उपदेशात रंगते म्हणून सगळे सांगतात.

पंचगंगा_७७

मला जरा वेगळं बोलायचंय, राग मानू नका. धैर्य धैर्य म्हणून आजकाल जे चाललंय ते बघवत नाही. माइक हातात घेऊन देवाला ऑर्डर सोडायची, हक्कानं मागा, आजच्या आज पाहिजे म्हणा, नोकरी म्हणा, व्हिसा म्हणा. त्याच इब्रीत १२ व्या अध्यायाच्या शेवटी आपला देव भस्म करणारा अग्नी आहे असंपण लिहिलंय, ते कुणी टीशर्टवर छापत नाही. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत खुद्द प्रभू येशूनं मागितलं की हा प्याला टळू दे, मोकळेपणानं मागितलं, आणि लगेच म्हणाला माझ्या इच्छेप्रमाणं नको. धैर्य ते.

आणि ताई, स्पष्टच बोलतो. मत्तय ५:२३-२४ तुमच्यासाठीच आहे. वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तर दान तिथंच ठेव आणि आधी समेट कर. जावेकडं जायलाच लागणार.

शाहूपुरीची_सून

म्हणजे शेवटी तेच झालं ना दादा. आधी समेट, मग देव. आणि ती दारच उघडत नसेल तर? तोपर्यंत मी काय बाहेरच उभी राहू?

पाळकाची_लेक

पंचगंगा दादा, वचन बरोबर आहे पण अर्धं सांगितलंत. शेवट काय आहे, मग येऊन आपलं दान अर्पण कर. आणि दान कुठं ठेवायचं, तर वेदीपुढंच, म्हणजे तो माणूस देवासमोर आला तेव्हाच त्याला भाऊ आठवला, घरी टीव्हीपुढं बसून नाही आठवला. ताई, तुम्हाला प्रार्थनेत जाव दिसते ती अडचण वाटते, मला तर वाटतं प्रार्थना तिथं बरोबर चाललीय.

ट्रेचं म्हणाल तर १ करिंथ ११:२८ बघा. लोक तेवढंच धरतात की स्वतःची परीक्षा करा. वाक्य पुढं आहे, आणि मग त्या भाकरीतनं खा. परीक्षा करून ट्रे सरकवा असं पौलानं लिहिलेलं नाही. तिथं त्याचा राग कुणावर आहे तेपण बघा, आधी येऊन पोटभर खाणाऱ्यांवर, ज्यांच्यामुळं गरीब उपाशी राहायचे. रडत बसलेल्यांवर नाही.

आणि आत्याबाईंना २ शमुवेल ६ पूर्ण वाचायला सांगा, प्रेमानं. कोश खांद्यावर दांड्यांनी न्यायचा नियम होता, यांनी गाडीवर घातला, तिथनंच चुकलं. उज्जा मेल्यावर राजा दावीदपण घाबरला, कोश घरी न्यायलाच तयार नाही. मग तो कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी होता आणि त्याच्या घरादाराला आशीर्वाद मिळाला. त्यानंतर दावीद तोच कोश नाचत नाचत घेऊन गेला. अध्याय भीतीवर थांबत नाही, आपणच थांबतो.

तांबडा_पांढरा

माझी साधी अक्कल सांगतो. शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे, आख्ख्या कोल्हापूरला माहीत आहे. ज्या काळात लोक अस्पृश्य म्हणून गंगारामांच्या हातचं पाणी घेत नव्हते तेव्हा. आता ज्याच्या टेबलावर राजानं चहा घेतला तो माणूस राजवाड्यात जाताना कापत जाईल काय? मान खाली घालेल, मुजरा करेल, पण कापणार नाही. प्रभू आधी आपल्याकडं येऊन गेलाय राव.

पंचगंगा_७७

हे पटलं. मुजरा राहिला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

शाहूपुरीची_सून

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारते, बसल्यावर बोलायचं काय? शब्दच येत नाहीत, आणि मीटिंगमध्ये सगळे एवढी लांबलचक, सुंदर प्रार्थना करतात.

जुना_बाक

लूक १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना एका ओळीची आहे, हे देवा, मज पापी माणसावर दया कर. दूर उभा राहिला, वर बघायचं धाडस नाही, पण मंदिरात आला होता हे विसरू नका. नीतिमान ठरून घरी तो गेला, तिथंच स्वतःची बढाई मारणारा तो धर्मनिष्ठ परूशी नाही. आणि मूल मागायला आलेल्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते, याजक एलीला वाटलं पिऊन आलीय. ऐकलं की नाही देवानं?

अजून एक करा. ४:१६ सुटं पाठ करू नका, १२ पासनं वाचा. १२-१३ मध्ये काय आहे, देवाचं वचन दुधारी तलवारीपेक्षा धारदार, त्याच्या डोळ्यांपुढं सगळं उघडं, काहीच लपलेलं नाही. त्याला लागूनच १४ ते १६. म्हणजे जो आपल्याला जवळ या म्हणतोय त्याला जिन्यावरचं सगळं आधीच माहीत आहे, वाटणीचं पण, आणि तुम्ही तिला मनातल्या मनात काय काय म्हणता ते पण. त्याच्यापुढं तोंड सांभाळून बोलायची गरज नाही, जावेचं नाव घ्या आणि जे आहे ते सांगा. ती दार उघडेल न उघडेल तिच्यावर आहे. तुम्ही वाजवा, आणि येत्या प्रभुभोजनाला ट्रे आला की ग्लास उचला.