उत्तर: सुवर्णमहोत्सवी मेळावा पानशेतला की गावातच?
आपल्या कॉलेजच्या बॅचच्या मेळाव्यासाठी डिसेंबरात पानशेतला रिसॉर्टवर दोन रात्री मुक्काम आणि ऑर्केस्ट्रा, असा बेत सुचवलाय. असा मुक्काम चाळिशीतल्या बॅचला शोभेल, आपल्या पंच्याहत्तर सालच्या बॅचला नाही. निम्म्यांचे गुडघे कुरकुरतात, बाकीच्यांना परक्या जागी झोप लागत नाही. इथे पुण्यातच, एरंडवण्यात तळमजल्यावरचा हॉल बघा, सकाळी दहा ते चार. डिसेंबर मात्र मान्य, अमेरिकावाले तेव्हाच येतात. फक्त सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या तारखा टाळा, नाहीतर अर्धी मंडळी गाणं ऐकायला मुकुंदनगरात जाऊन बसतील.

बॅचमधल्या मुलींना शोधायचं कसं, हे मात्र कोणीच काढलं नाही. आमच्या हिच्या बॅचचा मेळावा झाला तेव्हा हीच अडचण आली: कॉलेजच्या यादीत माहेरची आडनावं, फेसबुकवर सासरची. मुलांनी हात टेकले. मग होस्टेलवरच्या दोघी-तिघींनी एकीकडून दुसरीचा नंबर काढत बऱ्याच जणी गाठल्या. बिल्ल्यावर माहेरचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात सासरचं, शेजारी ओळखपत्रावरचा जुना फोटो. (तरीही एक गृहस्थ हिच्याशी भलतीच कोणीतरी समजून बराच वेळ बोलत होते.) आणि तो ऑर्केस्ट्रा कृपा करून रद्द करा. कानाला यंत्र लावणाऱ्यांना त्या गोंगाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही.