ट्रेंडलाइन बघून सौदा करावा का?

संख्याशोधक
ट्रेंडलाइन म्हणजे चार्टवर भावाचे तळ किंवा शिखरं जोडून पुढे नेलेली रेषा. ती तुटली म्हणून विकलं, भाव तिला टेकला म्हणून घेतलं, हे रोज वाचतो. माझं मत स्पष्ट आहे: रेषा ओढणारा दिशा शोधत नाही, मनात ठरलेली दिशा चार्टवर चिकटवतो.

निफ्टीचंच घ्या. 24 मार्च 2020 चा तळ 7,511 आणि 17 जून 2022 चा तळ 15,183. दोन्ही ठसठशीत, कुणीही मान्य करेल असे. ते जोडा आणि रेषा 27 सप्टेंबर 2024 पर्यंत पुढे न्या. साध्या स्केलवर ती साधारण 23,000 ला पोचते. लॉग स्केलवर, जिथे सारखी टक्केवारी सारख्या उंचीची दिसते, ती 31,000 च्याही वर जाते. त्या दिवशी निफ्टीचा उच्चांक होता 26,277. म्हणजे त्या दिवशी एका चार्टवर भाव रेषेच्या वर, दुसऱ्यावर रेषेच्या बराच खाली. तळ तेच, भाव तेच, बदललं फक्त चार्टच्या कोपऱ्यातलं बटण.

घाटावरचा ट्रेडर
दोन टचवर, म्हणजे भाव रेषेला दोनदाच टेकल्यावर, कोण सौदा करतं हो? तिसरा टच आल्याशिवाय मी त्या रेषेला रेषाच म्हणत नाही. आणि सव्वादोन वर्षांची रेषा पुढे आणखी सव्वादोन वर्षं ताणली तर घोळ होणारच. दोन-तीन महिन्यांच्या डेली चार्टवर, शेअर फार उधळला नसेल तर, दोन्ही स्केल जवळपास सारख्याच दिसतात.

मुख्य म्हणजे रेषा भाकितासाठी नसते. माझा अंदाज कुठे खोटा ठरला हे ती सांगते. तिच्याखाली क्लोजिंग आलं की मी बाहेर. किती शेअर घ्यायचे हेही घेतलेला भाव आणि रेषा यांच्यातल्या अंतरावरून ठरतं. ही शिस्त नको असेल तर तुम्ही कशाच्या आधारावर बाहेर पडता?

संख्याशोधक
तिसऱ्या टचचं ऐका. चार्टवर 10 तळ असतील तर दोन-दोन जोडून 45 रेषा निघतात. शिवाय कँडलच्या विकचं टोक (दिवसाचा सर्वांत खालचा भाव) धरायचं की तिची बॉडी (उघडता आणि बंद भाव यांमधला भाग), ही मुभा आहेच. थोडं खालीवर चालवून घेतलं तर तिसऱ्या टचची एखादी रेषा हमखास सापडते. शिकागोच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी 1959 मध्ये निव्वळ यादृच्छिक आकड्यांचे आलेख काढून दाखवले होते. त्यांतही शेअर बाजारासारखे ट्रेंड आणि आकृत्या दिसत होत्या.

बोरिवली फास्ट
सेबीनेच सांगितलंय, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 मध्ये एफअँडओतले (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधले) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. आणखी काय पुरावा हवा?

घाटावरचा ट्रेडर
तो पुरावा एफअँडओचा आहे, ट्रेंडलाइनचा नाही. त्यातले कितीजण टिपवर खेळले, किती जणांनी उधारीवर पोझिशन घेतली, हे त्या आकड्यात नाही. कृपया दोन्ही एकत्र करू नका.

एक्सेलवाला
हाताने ओढायची भीती वाटते तर रिग्रेशन लावा, म्हणजे सगळ्या भावांना सर्वांत जवळची रेषा सूत्राने काढा. लिस्ट स्क्वेअर्सच्या त्या सूत्राने निघणारी रेषा सगळ्यांची एकच येते.

संख्याशोधक
सुरुवातीची तारीख तरी तुम्हीच निवडता ना? तळापासून मोजलंत तर चढ, शिखरापासून मोजलंत तर उतार. शिवाय आजचा भाव कालच्या भावाला चिकटून असतो, त्यामुळे आर-स्क्वेअर (रेषा भावांना किती जुळते याचं माप) बरा आला तरी रेषेत दम आहे असं ठरत नाही. नुसत्या यादृच्छिक चालीला काळाच्या रेषेवर बसवलं तरी तो बऱ्यापैकी येतो.

आता घाटावरच्या साहेबांना उत्तर. बाहेर पडायची जागा हवीच, त्यात वाद नाही. मी एटीआर घेतो, म्हणजे शेअर रोज सरासरी किती हलतो ते. घेतलेल्या भावाच्या दोन एटीआर खाली स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव. त्यात माझ्या नजरेला वाव नाही, आणि जुन्या डेटावर तपासता येतं.

घाटावरचा ट्रेडर
तपासा, जरूर. पण दोनच का, अडीच का नाही, आणि किती दिवसांची सरासरी, हे आकडे तुम्हीच निवडलेत. तुमची निवड सूत्रात आहे, माझी चार्टवर. मी सौद्याआधी रेषेचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवतो आणि नंतर ती हलवत नाही. ज्यांच्या रेषा तोटा दिसताच सरकतात, त्यांच्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.