मतदारसंघांचा नकाशा कोर्टाने काढला तर बिघडलं कुठे?

खडूफळा
२०१२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत डेमोक्रॅटांना राज्यभर मिळून रिपब्लिकनांपेक्षा थोडी जास्तच मतं पडली. जागा किती? १८ पैकी ५. २०१४ आणि २०१६ मध्येही जागा तेवढ्याच, १३-५. सगळी करामत रिपब्लिकन विधिमंडळाने २०११ मध्ये आखलेल्या मतदारसंघांच्या नकाशाची. फिलाडेल्फियाबाहेरचा सातवा मतदारसंघ इतका वेडावाकडा की लोक त्याला ‘डोनाल्ड डकला लाथ घालणारा गूफी’ म्हणायचे.

जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला. आधार होता राज्यघटनेतलं ‘मुक्त आणि समान’ निवडणुकांचं कलम. विधिमंडळ आणि गव्हर्नर यांचं मुदतीत जमलं नाही, तेव्हा कोर्टाने निवडणूक कायद्याचे तज्ज्ञ प्रा. नॅथनियल पर्सिली यांची मदत घेऊन स्वतःच रेषा आखल्या. नोव्हेंबरात निकाल ९-९. ज्यांची खुर्ची त्या रेषांवर टिकलीय त्यांनीच रेषा ओढायच्या आणि कोर्टाने हाताची घडी घालून बसायचं, हे मला पटत नाही.

तर्कट
९-९ बघून टाळ्या वाजवण्याआधी न्यायाधीश कसे येतात ते बघा. तिथे ते पक्षाच्या नावावर निवडून येतात. २०१५ मध्ये एका फटक्यात तीन डेमोक्रॅट आले, बहुमत ५-२ झालं. ते कलम घटनेत १७९० पासून आहे. त्याचा हा अर्थ नेमका २०१८ मध्येच कसा सापडला? शिवाय ते वर्ष ट्रम्पविरोधी लाटेचं. डेमोक्रॅटांना राज्यात ५५ टक्क्यांच्या आसपास मतं होती. सगळं श्रेय नकाशाला देऊ नका.

खडूफळा
तर्कट, हा तर माझाच मुद्दा झाला. ५५ टक्के मतं आणि जागा निम्म्याच! कोर्टाला डेमोक्रॅटांचं भलं करायचं असतं तर एवढ्यावर थांबलं असतं? २०२२ चा नकाशाही त्याच कोर्टाने निवडला. १७ जागांच्या त्या नकाशावर आधी ९-८ डेमोक्रॅट आले आणि २०२४ मध्ये १०-७ रिपब्लिकन. मतदार फिरला की आकडाही फिरतोय. जुन्या नकाशात तेच होत नव्हतं.

अण्णा_रॅलीकर
पेनसिल्व्हेनिया ठीक आहे हो, आमच्या नॉर्थ कॅरोलायनात या. २०२२ ची निवडणूक कोर्टाच्या नकाशावर झाली, ७-७. त्याच दिवशी न्यायालयाच्या जागांचीही निवडणूक होती, तीत रिपब्लिकनांचं ५-२ बहुमत झालं. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पक्षासाठी वाकवलेले नकाशे घटनेविरुद्ध आहेत हा स्वतःचा आधीचा निकाल उलटवला. विधिमंडळाने नवा नकाशा केला आणि २०२४ मध्ये १०-४ रिपब्लिकन. घटनेतला एक शब्द बदलला नव्हता. संघीय कोर्टात जावं तर पक्षीय नकाशांसाठी ते दार अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच ५-४ ने बंद केलंय.

माईण
न्यूयॉर्क कसं विसरलात सगळे? २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने डेमोक्रॅटांचाच नकाशा ४-३ ने उडवला. सातही न्यायाधीश डेमोक्रॅट गव्हर्नरांनी नेमलेले! कोर्टाच्या तज्ज्ञाने काढलेल्या नकाशावर रिपब्लिकनांना २६ पैकी ११ जागा मिळाल्या, आधी २७ पैकी ८ होत्या. त्या वर्षी सभागृहातलं बहुमत २२२-२१३ इतकं निसटतं होतं, म्हणजे या जागांची किंमत काय ते बघा. न्यायाधीश आपल्या पक्षाचंच बघतात हे सरसकट विधान इथे कोसळतं.

बरं, तर्कट, कोर्ट नको तर कोण? आपल्याकडच्यासारखा मतदारसंघ आखणारा परिसीमन आयोग?

तर्कट
आयोग म्हटलं की सगळं पवित्र होत नाही. भारतात कलम ३२९ मुळे परिसीमनाला कोर्टात आव्हान देणं जवळपास अशक्य. जम्मू-काश्मीर आणि आसामच्या विरोधकांना विचारा, ते समाधानी आहेत का. मिशिगनने २०१८ मध्ये जनमताने नागरिकांचा आयोग आणला. (आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार त्याच आयोगाच्या नकाशावर डेट्रॉईटमधून अमेरिकी संसदेत गेले.) तरी त्याच आयोगाने आखलेले डेट्रॉईट परिसरातले विधिमंडळाचे १३ मतदारसंघ डिसेंबर २०२३ मध्ये संघीय कोर्टाने वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केलेच. पण आयोग निदान लोकांनी मागून घेतला होता. न्यायाधीशांनी नकाशे काढावेत असं कोणी मत दिलं?

खडूफळा
कोर्ट बाजूला सारलं की काय उरतं ते २०२५ मध्ये दिसलं. टेक्सासने दशकाच्या मध्येच पाच जागा रिपब्लिकनांकडे वळवायचा घाट घातला, कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात जनमत घेऊन पाच डेमोक्रॅटांकडे. ईंट का जवाब पत्थर से, आणि मधल्या मध्ये मतदार.

अण्णा_रॅलीकर
आमच्याकडेही त्याच वर्षी ऑक्टोबरात रिपब्लिकनांना अकरावी जागा मिळवून द्यायला नकाशा परत बदलला. गव्हर्नर डेमोक्रॅट आहेत, पण इथे नकाशावर गव्हर्नरांना नकाराधिकारच नाही.

तर्कट, तुमचं ‘लोकांनी मागून घ्यावं’ मला मान्य आहे. निवडून आलेल्या न्यायाधीशांवर माझाही फारसा भरवसा नाही. फक्त एक अडचण आहे: या राज्यात नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणताच येत नाही. ती विधिमंडळानेच आणायची. म्हणजे ज्यांनी हा नकाशा काढला त्यांनीच.