मदत हवी आहे : फास्टर फेणेची नवी गोष्ट छापता येईल का?

मंडळी, सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी भाचीने फास्टर फेणेची नवी गोष्ट लिहिली आहे. फुरसुंगीच्या बन्याला तिने पुण्याच्या मेट्रोत चोरामागे पळवलंय, आणि जमलीय झकास! पण अंकात जाहिराती आहेत, शिवाय पीडीएफ गावभर फिरणार. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या पश्चात ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. कथानक तिचं असलं तरी पात्र त्यांचं, मग परवानगी लागणारच ना? ती मागायची कुणाकडे, वारसांकडे की प्रकाशकाकडे? असं पत्र कुणी लिहिलंय का? नुसत्या ‘मूळ लेखकाचे आभार’वर भागेल असं मला तरी वाटत नाही. आणि नाव बदलायला बाईसाहेब तयार नाहीत.