लहान मुलांचं हॅलोवीन : तुम्ही काय केलंत, काय फसलं? (अनुभव धागा)

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत २०२३ पासून ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन शिरलंय. मी बोलावलं नाही, अडवलंही नाही. पहिल्याच वर्षी जिन्याच्या वळणावर रबरी मुखवटा घातलेल्या एका कॉलेजकुमाराने माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीला "भ्वॉ" केलं. पुढचे तीन आठवडे ती बाथरूमला एकटी गेली नाही आणि रात्री घरातला एकही दिवा आम्हाला घालवू दिला नाही.

यंदा कमिटीच्या मीटिंगला मी तावातावाने विरोध करायला गेले आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाची जबाबदारी गळ्यात घेऊन परत आले. म्हणून हा धागा.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तुम्ही स्वतः केलेलं लिहा. नेटवरच्या याद्या माझ्याकडे ढिगाने आहेत. त्यात प्रत्येक घराला अंगण असतं आणि पुढे ओसाड रस्ता. माझ्याकडे आहेत दोन विंग, प्रत्येकी एक लिफ्ट, खाली पार्किंग, आणि सहाव्या मजल्यावरच्या काकू, ज्या बेल वाजली की दार न उघडता आतून "आता कोण मेलंय?" विचारतात. फसलेलं आधी लिहा. "हे आपलं नाहीच" यावर वेगळा धागा काढा, तिथे मीही येईन भांडायला.

दादरचा बाबा

फसलेलंच लिहितो. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट जाळीच्या दाराची. मुलगा पाच वर्षांचा, ड्रॅक्युला. हिंदमाताहून काळं सॅटिन आणून आईने शिवलेला झगा, गळ्याशी घट्ट नाडी. दहा-बारा पोरं, दोन मोठी माणसं, खाऊच्या पिशव्या, सगळा गलबला. लिफ्टमध्ये पोरं कोंबली, जाळी ओढली, आणि झग्याचं टोक दोन्ही जाळ्यांच्या मधून बाहेर राहिलं. लिफ्ट वर निघाली आणि पोरगा मागे ओढला गेला. बायकोने झटक्यात आतली जाळी उघडली म्हणून लिफ्ट जागीच थांबली. गळ्यावर नाडीचा लाल वळ चार दिवस होता. त्याला काही आठवत नाही, मला अजून तो कापडाचा ताणलेला आवाज आठवतो.

तेव्हापासून आमच्याकडे गळ्याशी नाडी नाही, वेल्क्रो. ओढलं की सुटलं पाहिजे. झगा पोटरीच्या वर. मुलांना चार-चारच्या तुकड्यांनी, सोबत मोठं माणूस देऊन, लिफ्टने वर न्यायचं आणि मग सगळ्यांनी जिन्याने एकेक मजला खाली उतरायचं. जिन्यातले दिवे चालू. "अंधार हवा, मजा येते" म्हणणाऱ्यांना मी सांगतो, तुमच्या घरात करा अंधार. ज्यांना मुलं आलेली चालणार आहेत त्यांनी दारावर भोपळ्याचं चित्र चिकटवायचं. चित्र नाही तिथे बेल नाही. सव्वासातला सगळं खलास.

धागाकर्ती

बापरे. वेल्क्रो लिहून घेतलं. काकूंच्या दारावर अर्थात चित्र नसणार.

पार्ल्याची सुगरण(?)

भोपळ्याबद्दल. अमेरिकेतला तो केशरी भोपळा कोरायच्याच कामाचा, पातळ आणि आतून पोकळ. आपला लाल भोपळा म्हणजे दगड. मी मंडईत अख्खा मागितला तर भाजीवाला म्हणाला, "कार्य आहे का ताई घरात?" चार किलोचं धूड घरी आणलं, सुरीने जमेना म्हणून विळीवर घेतलं आणि अंगठा कापून घेतला. तीन टाके. मुलं समोर बसून बघत होती, त्यांच्या मते तोच कार्यक्रम.

पुढच्या वर्षी अक्कल आली. भोपळा कापायचाच नाही. मुलांना टिकल्यांची पाकिटं दिली आणि त्याला तोंड करायला सांगितलं. मोठ्या मरून टिकल्यांचे डोळे, चंद्रकोरीच्या टिकल्यांचे दात, आजीच्या जुन्या नथीची चाप. आमचं भूत इतकं घरंदाज दिसत होतं की सासूबाईंनी जाता जाता त्याला हळदकुंकू लावलं. शिवाय कोरलेला भोपळा इथल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवसांत घामेजतो, चिलटं धरतो. न कापलेला आठवडाभर मजेत बसून राहिला, मग टिकल्या काढून, साल तासून त्याचे घारगे केले. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलांना माहीत असतेच, तेव्हा भोपळ्याला हातपाय फुटणं त्यांना मुळीच नवं नाही. आणि हो, आयरिश लोक मुळात सलगम कोरत. भोपळा त्यांच्या हाती लागला तो अमेरिकेत गेल्यावर. म्हणजे जे बाजारात मिळेल ते घ्यायचं, हीच खरी परंपरा.

गिरगावातले आजोबा

ताई, तुमचा नियम मोडत नाही, फक्त कडेने जातो. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. पहाटे पाचला उटणं लावून नातवाला अंघोळ घातली, तुळशीपाशी त्याने पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, "गोविंदा" ओरडला, कडू बी जिभेला लावून थुंकला. संध्याकाळी तोच नातू पांढरी चादर पांघरून भूत होऊन आला. मी म्हटलं, अरे सकाळी नरकासुर मारलास, आता तूच आलास? तो म्हणाला, "आजोबा, तो दुसरा होता."

त्या दिवशी चाळीच्या गॅलरीत आठ पोरं जमवून मी भुतांच्या गोष्टी सांगितल्या. आमच्या कोकणात भुतांना तोटा नाही. मुंजा, हडळ, खवीस, देवचार, गिऱ्हा, चकवा. पण मी लहानपणी ऐकल्या तशा सांगितल्या असत्या तर पोरांच्या आयांनी मला खाली उतरवलं असतं. म्हणून गोष्ट मी अर्धीच सांगायचो, उरलेली पोरांनी पुरी करायची. मुंजा पिंपळावर एकटा बसतो, त्याला काय हवं असेल? एक म्हणाला, खेळायला कुणीतरी. एक मुलगी म्हणाली, त्याला खाली यायला शिडी हवी. चकवा माणसांना रानात गोल गोल फिरवतो, तर त्यावर त्यांनी ठरवलं की चकव्याला मोबाईलचा नकाशा दाखवायचा. त्या रात्री कुणी घाबरून उठलं नाही. मीच उठलो, पण ते चकल्यांमुळे.

बालवाडीत पंचवीस वर्षं

आजोबांनी केलं ते अगदी बरोबर. तीन-चार वर्षांच्या मुलाला मुखवटा आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. बाबांनी मुखवटा चढवला की त्याच्या लेखी बाबा गेले, हे कुणीतरी आलं. म्हणून मुखवटा नेहमी मुलासमोर चढवायचा, समोर काढायचा, मग त्याच्या हातात द्यायचा. त्याने बाबांना घाबरवायचं, बाबांनी पलंगाखाली लपायचं.

आमच्याकडे टेबलावर चादरी टाकून गुहा करतो. नियम एकच, बॅटरी मुलाच्या हातात. आत खोक्यांमध्ये हात घालून ओळखायचं असतं. भिजवलेला साबुदाणा म्हणजे बेडकाची अंडी, शिजवून गार केलेल्या शेवया म्हणजे जखिणीचे केस, भेंड्या म्हणजे चेटकिणीची बोटं. एका मुलाने बाहेर येऊन गंभीरपणे सांगितलं, "टीचर, चेटकिणीची बोटं जून झाली आहेत." घरी भाजी निवडायला बसत असणार.

ज्याला आत जायचं नाही त्याला ढकलू नका. त्याला दारावर तिकिटं फाडायला बसवा. तासाभराने तो आपणहून आत जातो. नाही गेला तर नाही गेला.

वसईची सून, वांद्र्यात राहते

आमच्या घरी हा सण वेगळ्या वाटेने येतो, म्हणून लिहावंसं वाटलं. १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, हॅलोवीन म्हणजे त्याची आदली रात्र. २ तारीख आमच्या मयत माणसांची. त्या दिवशी सासूबाई नातवंडांना घेऊन कबरस्तानात जायच्या. बादलीत पाणी, काथ्या, झेंडूची फुलं, मेणबत्त्यांचं पुडकं. मुलं कबर घासून धुतात, वाऱ्यात मेणबत्ती विझली की पुन्हा लावतात, शेजारच्या कबरीवर कुणी आलेलं नसेल तर एक तिकडेही लावतात. माझ्या मुलाला तिथे कधी भीती वाटली नाही. तिथे कोण आहे ते त्याला ठाऊक आहे, त्याचे पपा लहानपणी कुणाच्या खांद्यावर बसायचे ते.

एकच सांगणं आहे. सजावटीत पुठ्ठ्याच्या कबरी आणि क्रूस नका करू. सासूबाई गेल्या त्याच वर्षी आमच्या लिफ्टसमोर थर्माकोलच्या कबरी मांडल्या होत्या. करणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, मलाही कळत होतं. तरी मी चार मजले जिन्याने गेले.

धागाकर्ती

हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. आमच्या यादीत कबरी होत्या. काढल्या.

मुलांचा डॉक्टर

थोडक्यात. लुकलुकणाऱ्या अंगठ्या, बिल्ले, इवल्याशा मेणबत्त्या यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. झाकणाला स्क्रू नसेल ती वस्तू घरात आणू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, "शीतून जाईल" म्हणून वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण मध आणायला थांबायचं नाही.

कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांच्या आत नकोत. खाऊ बसून खायचा, पळता पळता नाही.

ड्राय आइसचा धूर मुलांच्या कार्यक्रमात नकोच. उणे ७८ अंशांचा तो गोठलेला वायू बर्फासारखा दिसतो म्हणून पोरं तोंडात घालायला जातात.

गोरेगावची भोंडलेवाली

मला खाऊ मागत फिरण्यात काही परकं वाटलंच नाही, कारण आमच्याकडे ते "ओळखा खिरापत" झालं. भोंडल्याला जसं डबा हलवून आवाज ऐकवतात तसंच. प्रत्येक दारात झाकलेला डबा, पोरांनी ओळखायचं, तिखट की गोड, वाटीत की हातात, कुरकुरीत की मऊ. ओळखल्याशिवाय मिळणार नाही. एकेका दारात पाच-सात मिनिटं जातात, त्यामुळे सहा घरांत कार्यक्रम आटोपतो आणि पिशवीभर चॉकलेटंही साठत नाहीत. चौथ्या मजल्यावर उकडलेला मका होता, तो आजतागायत कुणाला ओळखता आलेला नाही.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीची आई

खिरापतवाल्या ताई, कल्पना छान, पण आमच्यासाठी प्रत्येक झाकलेला डबा म्हणजे धडधड. लाडू, चिक्की, चिवडा, कशातही शेंगदाण्याचं कूट असतं. अमेरिकेत २०१४ पासून अशा मुलांसाठी दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवायची चाल पडली आहे. त्याचा अर्थ, इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळेल. मी ते वाचून मैत्रिणीच्या मजल्यावर चार घरांना मोरपंखी कागद दिले आणि सोबत खोडरबर, स्टिकर, भोवरे. गंमत म्हणजे भोवऱ्यांच्या दारात सगळ्यांत मोठी रांग लागली.

गोरेगावची भोंडलेवाली

हे लक्षातच आलं नव्हतं हो. यंदा दोन डब्यांत भोवरे.

मुलुंडचा ड्रायव्हिंग बाप

पार्किंगबद्दल कुणीच बोललं नाही. संध्याकाळी साडेसहा, ऑफिसातून आलेल्या गाड्या रिव्हर्स लावताहेत, आणि खांबांच्या मधून काळे कपडे घातलेली तीन फुटी भुतं पळताहेत. गेल्या वर्षी माझ्या आरशात फक्त एक पिवळी बादली हलताना दिसली. बादली धरणारी चेटकीण दिसलीच नाही. ब्रेक दाबला आणि पाच मिनिटं गाडीतच बसून राहिलो. नंतर वाचलं, अमेरिकेत ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या, तर हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि लहान मुलांचा तर कैक पटींनी. यंदा वॉचमनला सांगून सहा ते साडेसात गाड्या गेटबाहेर थांबवणार, आणि पोरांच्या पाठीवर सायकलीला लावतो ती चमकणारी पट्टी. भुताला चमकणारी पाठ असायला कुणाची हरकत असेल तर सांगा.

माहीमची घाईतली

चेहरा रंगवणार असाल तर आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. उतरवायला खोबरेल तेल, घासायचं नाही. आणि नेटच्या फ्रॉकजवळ पणती नको. झालं.

धागाकर्ती

आत्ता मीटिंगहून आले. ठरलं ते असं. गाड्या बाहेर, जिना उजेडात, मुखवटे बंद, टिकल्यांचा भोपळा प्रत्येक मजल्यावर एक, दोन दारं मोरपंखी. लेक वाघ होणार आहे, कारण "वाघाला कुणी भ्वॉ करत नाही."

आणि सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी मीटिंगमध्ये हात वर केला. म्हणाल्या, माझ्या दारावर चित्र लावा, चेटकीण मी होते, वेगळा पोशाख लागणार नाही. मग मुलांनी बेल वाजवल्यावर आतून काय विचारायचं हे त्या मलाच विचारत होत्या. मी म्हटलं, नेहमीचंच विचारा.

आता अकरा भोपळे उरणार आहेत. पार्ल्याच्या ताई, घारग्यांचं प्रमाण?

पार्ल्याची सुगरण(?)

एक वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, चिमूट मीठ. कीस वाफवून त्यात गूळ विरघळू द्यायचा, गार झालं की जायफळ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. मग त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाची पिठी. पाणी अजिबात घालायचं नाही, फसतात ते तिथेच. जाडसर थापा, मंद आचेवर तळा. अकरा भोपळ्यांचे करणार असाल तर कमिटीला तेलाचे पैसे आधी मागा.