मदत हवी आहे: पहिली ४०० ची बीआरएम, रात्रीच्या लाईटचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो, वय ४१. मागच्या सीझनला २०० आणि ३०० दोन्ही वेळेत झाल्या, आता डिसेंबरात ४०० करायची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, ही शर्यत नव्हे. ४०० किलोमीटर २७ तासांत संपवायचे आणि कंट्रोल पॉइंट (वाटेतली हजेरी नोंदवायची ठिकाणं) सोडून वाटेत कुणाची ठरवून मदत घ्यायची नाही. दुकानातनं काय पण विकत घ्या, पण मित्र मागनं गाडी घेऊन आला आणि ट्यूब दिली की बाद. म्हणजे जे लागणार ते सायकलवरच पाहिजे आणि आधी चालवून बघितलेलं पाहिजे. माझं तिथंच अडलंय.

डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि उगवायला जवळजवळ सात होतात, म्हणजे १३ तास अंधार. नियमाप्रमाणं पुढचा-मागचा लाईट सायकलला फिक्स पाहिजे, अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजे, लाईट गेला की रात्रीचं चालवणं बंद. ३०० ला मी रात्री १० च्या आत आलो होतो म्हणून एका चार्जवर भागलं.

मागच्या शनिवारी टेस्ट म्हणून सगळं सामान लादून संध्याकाळी ७ ला निघालो, हायवेनं निपाणी आणि परत, दीडशेच्या आसपास होतात. लाईट १००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), बॉक्सवर मिडियम मोडला ६ तास लिहिलंय. निपाणीत चहा घेतला, तवंदीचा घाट चढून वर आलो आणि संकेश्वरच्या अलीकडंच लाईटवर बॅटरी संपत आल्याची लाल बत्ती लागली, घड्याळ बघितलं तर लाईट चालू होऊन ३ तास ५० मिनिटं. पॉवर बँक लावली तर लाईट आपोआप लो मोडला गेला, केबल काढली की मिडियम, परत लावली की लो. लो म्हणजे चाकाच्या पुढं दोन हात उजेड. आणि उसाचा सीझन सुरू झालाय, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. हत्तरगीच्या आधी असा एक बाजूला उभा केलेला होता, तो मला दहा-बारा फुटांवर आल्यावर दिसला. हात-पाय गार पडले. घरात दोन लहान पोरं आहेत, त्यामुळं हा विषय मी असाच सोडून देणार नाही.

पुढच्या ढाब्यावर दीड तास बसून लाईट चार्ज केला. तिथंच मागचं चाक बसलं, ट्यूब बदलली, दहा मिनिटांत परत बसलं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात की, त्यातली केसाएवढी तार टायरमध्ये राहिलेली. बोटानं चाचपून लागत नाही. ढाब्यावरच्या पोरानं कापसाचा बोळा आणून दिला, टायरच्या आतनं फिरवला, एका जागी कापसाचं सूत अडकलं, तिथं ती. नखानं येईना, नेलकटरमध्ये धरून ओढली. आता कापूस आणि बारीक चिमटा किटमध्ये कायमचा.

तर विचारायचं असं, डायनॅमो हब (चाकाच्या मधोमध बसणारा, चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा) घ्यावा का? हब, नवीन चाक बांधणी आणि दिवा धरून खर्च माझ्या बजेटच्या दुप्पट जातोय, बजेट ७ हजार. का दोन बॅटरी लाईट? सायकल साधी हायब्रिड, टायर ३२ मिमी रुंदीचे. दुसरं म्हणजे सीटखालची मोठी बॅग, उभं राहून पेडल मारलं की डावी-उजवी झोके घेते, पाठीला जाणवतं. ४०० आणि ६०० केलेल्या लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

घटप्रभाकाठ:
दादा, डायनॅमो चांगलाच, पण पहिल्या ४०० साठी नको. नवीन चाक घातलं की ते पण बरेच किलोमीटर चालवून बघायला पाहिजे, तेवढे दिवस राहिले नाहीत. सेल बदलता येतो असा लाईट घ्या, १८६५० साईजचा सेल. चांगला सेल ३४०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), ३.६ व्होल्ट, म्हणजे १२ वॅट-तास. ३०० ल्युमेनला साधारण ३ वॅट लागतात, कागदावर ४ तास, प्रत्यक्षात साडेतीन धरा. चार सेल घेतले की रात्र निघाली, सेल बदलायला एक मिनिट. बाजारात ९९०० एमएएच छापलेले सेल मिळतात त्यांना हात लावू नका, त्या साईजमध्ये तेवढं मावतच नाही. वजन काट्यावर घालून बघा, चांगला ३४०० चा सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो. आणि सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवा, किल्ल्या, नाण्यांबरोबर खिशात अजिबात नको, शॉर्ट होऊन पेट घेतात.

खानापूरची_सायकल:
बॅगेबद्दल. ट्यूबा, टूल, पॉवर बँक सगळं सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) चिकटून आत घाला, जॅकेट आणि कपडे मागच्या टोकाला. बहुतेकजण उलटं भरतात, जड वस्तू टोकाला गेली की झोका येणारच. बॅग गच्च भरा, रिकामी जागा ठेवू नका, पट्टा ओढून घ्या. आणि टेस्ट हायवेला नको, तिथं बॅग गप्प बसते. जांबोटी रोडला चला, खड्ड्यात काय निसटतं ते कळेल. खायला गोकाकचा करदंट घ्या, डिंक, गूळ, सुकामेवा, खिशात खराब होत नाही. पण पहाटेच्या थंडीत दगड होतो, घरूनच बारीक तुकडे करून न्या.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सेलचा लाईट घेतला. चार सेल आणले, तीन ४७ च्या आसपास भरले, एक ३८, तो परत केला आणि बदलून घेतला. रात्री हॉलमध्ये टेबलावर लाईट लावून समोर पंखा सोडला, वारा लागला नाही तर लाईट तापून मंद होतो म्हणून, आणि वेळ मोजला, पहिला सेल ३ तास ४० मिनिटं, दुसरा ३ तास ३५. ताई, बॅग तुम्ही सांगितली तशी भरून काल जांबोटीला जाऊन आलो, झोका जवळजवळ गेला. पण तिथं एक नवीन लक्षात आलं, बरोबरचा मित्र मागं होता, त्याला माझा मागचा लाईट दिसतच नव्हता, भरलेली बॅग त्याच्यावर येते. आता तो मागच्या चाकाजवळच्या फ्रेमच्या तिरक्या दांडीला लावावा म्हणतोय. तिथं लावला तर ट्रकवाल्याला नीट दिसेल का, का बॅगेच्याच टोकाला अडकवू? बॅगेला लावला तर तो फिक्स धरतात का, तुमच्या वेळी चेकिंगला काय म्हणाले?