क्लॅनला मराठीत काय म्हणायचं? कूळ, देवक की आजोळ

पुण्याहून, मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. प्रश्न एकाच शब्दाचा आहे पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. माझी लेक कॅनडात हॅमिल्टनला असते, जावई तिथलाच, आणि त्याची आजी, म्हणजे आईची आई, ग्रँड रिव्हरच्या सिक्स नेशन्समधली मोहॉक, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांतली. नात आता नऊ वर्षांची झालीये आणि मी तिच्यासाठी दोन्हीकडची वंशावळ मराठीत लिहायला घेतलीये, वहीत, हाताने. आमच्या बाजूचं सोपं आहे, घरात कुलवृत्तांत आहे, गोत्र कुलदैवत सगळं छापील मिळतं. तिकडच्या बाजूला मात्र मी अडकले. जावयाने जे कागद पाठवले त्यात आजीचं आडनाव जॉन्सन आहे आणि खाली लिहिलंय क्लॅन टर्टल. मी आधी "कूळ : कासव" असं लिहिलं, मग खोडलं, कारण कूळ म्हटलं की आमच्या घरात सातबाराच आठवतो, कूळकायद्यात गेलेली जमीन वगैरे. तर क्लॅनला शब्द कुठला वापरू? आणि जॉन्सन म्हणजे मूळ पुरुष इंग्रज होता असं धरायचं का? आणि मोहॉक ज्या मोठ्या समूहात मोडतात त्याचं नाव इरोक्वॉय लिहायचं की इरोक्वा हेही सांगा कोणीतरी.

कोल्हापूरहून

काकू, देवक लिहा, डोळे मिटून. आमच्यात लग्नात देवक बसवतात, कोणाचं कदंब, कोणाचं पंचपल्लव, कोणाचं मोराचं पीस, आणि एक देवक असलं की सोयरीक होत नाही कारण ती भावकीच झाली. तुमचं कासव हे देवकच आहे की हो! झाड-पक्षी-प्राणी खूण आणि त्यावरून लग्न कोणाशी नाही ते ठरणं, दोन्ही गोष्टी जुळतात. गोत्र नका लिहू, गोत्रात ऋषी असतो, कासव ऋषी नव्हे.

ब्रँटफर्डहून

काकू नमस्कार, मी तुमच्या जावयाच्या आजीच्या गावापासून अगदी जवळ राहतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे हा विषय जवळचा आहे, सविस्तर लिहितो.

आधी नाव. इंग्रजीत उच्चार इरोक्वॉय, फ्रेंचमधे इरोक्वा, स्पेलिंग मूळ फ्रेंचांचं. पण दोन्ही नावं बाहेरच्यांनी दिलेली. ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घराचे लोक. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका ही पाच राष्ट्रं आणि १७२२ च्या सुमारास टस्करोरा येऊन मिळाले ते सहावं, म्हणून सिक्स नेशन्स. अमेरिकन क्रांतीत न्यूयॉर्कमधल्या जमिनी गेल्या आणि १७८४ साली ब्रिटिशांनी ग्रँड रिव्हरच्या काठची जमीन दिली, तुमच्या विहीणबाईंच्या घराची गोष्ट बहुतेक तिथूनच सुरू होत असेल. मोहॉक हा शब्दसुद्धा त्यांचा नाही. ते कन्येनकेहाका, म्हणजे गारगोटीच्या दगडाचे लोक. आणि गंमत बघा, त्यांच्या भाषेत प-ब-म हे ओठ मिटून काढायचे वर्णच नाहीत, म्हणजे मोहॉक हा शब्द त्यांच्या स्वतःच्या भाषेत धड उच्चारताच येत नाही. आपल्याला माय, बाप, मामा यातलं एकही ओठ न मिटता म्हणून बघा म्हणजे काय ते कळेल.

हे वंशावळीत फार कामाचं आहे. पाद्र्यांनी बाप्तिस्मा देऊन नावं ठेवली आणि लोकांनी ती आपल्या तोंडात बसवली, मरीची झाली वारी, झाँ-बाप्तिस्तचा झाला सावातिस, जोसेफचा सोसे, कॅथरीनची कातेरी. कातेरी तेकाक्विथा ही १६५६ सालची, २०१२ मधे संत झाली, तिचं नाव कॅथरीनच आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. तेव्हा रजिस्टरमधे वारी दिसली आणि घरच्या आठवणीत मेरी असली तर दोन बायका धरू नका. आणि फ्रेंच पाद्र्यांच्या जुन्या वह्यांत, काहनवाके या मोहॉक वस्तीच्या वगैरे, नावाच्या मधेच आठचा आकडा दिसतो. तो आकडा नाही, ऊ आणि व या आवाजासाठी ते ओ वर यू चढवून एक खूण काढायचे, ती छापताना आठ झाली. मी स्वतः पहिल्यांदा ती वाचण्यातली चूक समजून सोडून दिली होती आणि दोन महिने चुकीच्या घराच्या मागे होतो.

आता जॉन्सन. नाही, त्यावरून इंग्रज पूर्वज धरू नका. ब्रिटिशांचा तिथला बडा अधिकारी सर विल्यम जॉन्सन, तो मोहॉक मुलांचा गॉडफादर म्हणून बाप्तिस्म्याला उभा राहायचा आणि त्याचं नाव लागायचं. कवयित्री पॉलीन जॉन्सन इथलीच, १८६१ ते १९१३, तिच्या पणजोबांना जॉन्सन हे आडनाव असंच मिळालं, रक्ताचा संबंध नाही. पणजोबांचं खरं नाव तेकाहिओनवाके, पुढे तिने तेच नाव स्वतःच्या नावाला जोडून वापरलं. अर्थात सर विल्यमला मॉली ब्रँट या मोहॉक बाईपासून मुलंही झाली, म्हणजे रक्ताचे वारसही आहेत, पण आडनावावरून कोण कुठला ते सांगता येत नाही एवढंच.

ब्रँटचंही तसंच. माझ्या गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो जोसेफ ब्रँट, मोहॉक नाव थायेन्दानेगेआ. ब्रँट हे त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव, आडनाव नव्हेच. लोक म्हणायचे ब्रँटचा जोसेफ, जसं आपण गावात म्हणतो ना शिरप्याचा गणू, आणि कागदावर येता येता जोसेफ ब्रँट झालं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. सेनेकांचा पुढारी कॉर्नप्लांटर, त्याचे वडील आबील नावाचे ऑल्बनीचे डच व्यापारी, त्या आबीलचं कागदोपत्री ओबेल झालं, दिसायला थेट आयरिश. आडनाव बघून आयर्लंडमधे शोधत बसलं तर जन्मात सापडणार नाही.

आणि एक उलटं उदाहरण, मला सर्वात आवडतं. मेरी जेमिसन, १७४३ ला जहाजावर जन्मलेली गोरी मुलगी, पेनसिल्व्हेनियातून पकडून नेली, सेनेका घराने मेलेल्या भावाच्या जागी तिला दत्तक घेतलं. पुढे परत जायची संधी असून गेली नाही. तिचे नवरे दोन्ही मूळनिवासी, पण मुलांचं आडनाव लागलं जेमिसन, आईचं! आजही तिकडे ते आडनाव आहे. गोऱ्यांच्या कागदातली आडनावाची पद्धत आणि सेनेकांची आईकडून जायची रीत दोन्ही त्या एका नावात एकत्र आल्या.

नाशिकहून

मग देवक कसं चालेल? देवक बापाकडून येतं. कोल्हापूरकर, तुमची खूण जुळली पण वाट उलटी आहे. वाचणारा मराठी माणूस देवक कासव म्हटलं की वडिलांकडूनच धरणार. मला घराणं हा शब्द बरा वाटतो, लांब घरावरून.

ब्रँटफर्डहून

बरोबर धरलंत. क्लॅन शंभर टक्के आईकडून. मोहॉक आणि ओनायडा यांच्यात तीनच, कासव, लांडगा, अस्वल. सेनेकांत आठ, त्यात हरीण, ससाणा, बगळा, बीव्हर वगैरे. लांब घर हे बायकांचं असायचं, एका आईच्या लेकी, त्यांच्या लेकी, सगळ्या तिथेच, आणि लग्न करून पुरुष यायचा. आपल्या शब्दात सगळेच घरजावई, पण आपल्या शब्दातला कमीपणा तिथे अजिबात नाही, तीच रीत. क्लॅनची मुख्य बाई असते, क्लॅन मदर, तीच सरदार निवडते आणि चुकला तर काढते. असे पन्नास सरदार आणि त्यांची पदंही नावांची, माणूस गेला की तेच नाव पुढच्याला दिलं जातं. त्यामुळे १७५० आणि १८२० च्या कागदात एकच नाव दिसलं तर माणूस एक नसून पद एक असू शकतं.

साधी नावंसुद्धा क्लॅनच्या मालकीची. मूल जन्मलं की क्लॅनकडच्या मोकळ्या नावांतून एक द्यायचं, ते नाव त्या वेळी दुसऱ्या कोणा जिवंत माणसाचं नको, आणि माणूस गेला की नाव परत क्लॅनकडे. आणि नाव म्हणजे एक अख्खं वाक्य असतं. मॉली ब्रँटचं मोहॉक नाव कोन्वात्सित्सिआयेन्नी, अर्थ साधारण असा की कोणीतरी तिला फूल उसनं देतं. बापाचं नाव मुलाला ही कल्पनाच नाही त्यात. म्हणून मी कोणालाही सांगतो की आडनाव तुम्हाला सरकारी वहीपर्यंत नेतं, माणसापर्यंत न्यायला आई लागते.

पण सरकारने नेमकी आईच पुसली. १८६९ च्या कायद्यानं बाहेर लग्न करणाऱ्या बाईचा आणि तिच्या मुलांचा इंडियन, म्हणजे मूळनिवासी, हा सरकारी दर्जा काढून घेतला, १८७६ च्या इंडियन ॲक्टमधे तेच, आणि बाहेरची बाई लग्न करून आली तर ती मात्र कागदावर इंडियन. १९८५ ला दुरुस्ती झाली तोवर शंभरावर वर्षं गेली. पॉलीन जॉन्सनची आई इंग्रज, वडील मोहॉक, म्हणजे कॅनडाच्या कायद्याने ती मोहॉक आणि मोहॉकांच्या रीतीने तिला क्लॅनच नाही. काकू, तुमच्या विहीणबाईंचं सरकारी यादीत नाव सापडलं नाही तर त्यांच्या आईचं लग्न कोणाशी झालं होतं ते आधी बघा, मग निराश व्हा.

पुण्याहून

दादा, खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पण तुमचं वाचताना मधेच थांबले. आईकडून जातं म्हणजे माझ्या जावयाला आईकडून कासव मिळालं. मग माझ्या नातीला? तिची आई तर माझी लेक. म्हणजे त्यांच्या हिशेबाने नात आईच्या घरची, म्हणजे आमची, आणि आमच्या हिशेबाने नात बापाच्या घरची, म्हणजे त्यांची. दोन्ही घरं म्हणताहेत की ती त्या बाजूची. मग पोरगी राहिली कुठे? हे मला काल रात्री झोपू देत नव्हतं खरंच.

ब्रँटफर्डहून

काकू, हे खरं आहे आणि इथे अनेक घरांत हे दुःख आहे. पूर्वी दत्तक घेऊन क्लॅन द्यायचे, मेरी जेमिसनसारखं, पण ते सर्वस्वी क्लॅनच्या बायकांच्या हातात, आपण कागद शोधून मागायची गोष्ट नाही. डीएनए टेस्टच्या नादाला तर लागूच नका, ती राष्ट्र सांगत नाही आणि क्लॅन तर नाहीच नाही.

एक शब्द सांगतो, त्याने कदाचित बरं वाटेल. मोहॉकमधे क्लॅनला ओतारा म्हणतात आणि मातीलाही तोच शब्द. तुझा क्लॅन कुठला हे विचारायचं तर तुझी माती कशी आहे असं विचारल्यासारखं होतं.

कोल्हापूरहून

माती! आमच्याकडे पण म्हणतात, कुठल्या मातीतला हाय गडी. पण काकू वंशावळीत नुसतं माती नका लिहू, आपल्याकडे माती देणे, मातीला जाणे म्हणजे वेगळंच. देवक मी मागे घेतो, नाशिककरांचं पटलं.

नाशिकहून

मी पण घराणं मागे घेतो, गाण्याचं वाटतं ते. काकू, आजोळ का नाही? विचार करा, त्यांच्यात प्रत्येक माणसाची ओळख म्हणजे त्याचं आजोळच की, आईच्या आईचं घर. आणि देऊळ म्हणजे देवकुल, राऊळ म्हणजे राजकुल, तसंच आजोळमधे पण कूळ दडलंय, म्हणजे तुमचा पहिला शब्द वाया नाही गेला. फरक एवढाच की आपल्या आजोळात आजा आहे आणि त्यांच्या आजोळात आजी.

आणि अजून एक, सांगून ठेवतो. मॉर्गन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १८७१ मधे सेनेकांची आणि तमिळांची नाती शेजारी ठेवून बघितली होती, दोन्हीकडे आईची बहीणसुद्धा आईच धरतात. तेव्हा जुन्या आठवणीत "माझी आई" आलं तरी ती मावशी असू शकते. आपल्याकडे माय मरो मावशी जगो म्हणतात, तिथे दोघींना एकच शब्द, म्हणून तारखा जुळत नसतील तर आधी मावश्या मोजा.

पुण्याहून

आजोळ. बघा ना, रोजचा शब्द आणि सुचला नाही. आज वहीत असं लिहिलंय : जावयाच्या नावापुढे "आजोळ : कासव, मोहॉक, ग्रँड रिव्हर". त्याच्या आजीच्या नावापुढे जॉन्सन कंसात घातलं, आणि मोहॉक नावासाठी ओळ कोरी ठेवली, ते जावयाच्या मावशीला माहीत असेल असं तो म्हणतो, रविवारी फोन करणार आहे. नातीच्या नावापुढे मी आजोळ लिहिलं तेव्हा हात थांबला नाही, कारण तिचं आजोळ तर हेच घर आहे, पुण्याचं. दोघांच्याही रीतीने तेच निघतं. खाली एक ओळ जास्तीची घातली, "बाबाचं आजोळ : कासव", ती मोठी झाली की विचारेल तेव्हा सांगता येईल. मावशीने ते नाव सांगितलं की इथे कळवीन, देवनागरीत कसं लिहायचं ते तुम्हालाच विचारायचंय, विशेषतः मधेच श्वास अडवल्यासारखा जो आवाज येतो तो.